साफ करून देऊ?

करावे गावच्या मासळीबाजारात रखमामावशीच्या ओट्यावर भाव करायची सोय नव्हती. विचारायला कुणाची ना नव्हती, पण कमी करून मागितलं की ती हातातलं पापलेट परत बर्फात ठेवायची आणि आपल्या मागे उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाकडे बघायची. मी मूळची चिपळूणची, लग्न करून सीवूड्सला आले, आणि मासळी आपल्याला कळते असा माझा ठाम समज होता. पहिल्याच दिवशी बांगड्याचे कल्ले उघडून बघायला लागले तर ती म्हणाली, "काय गो बाय, डाक्टरीन हायस का? ताजाच हाय तो. तुझ्यापेक्षा ताजा हाय." मी मुकाट्याने बांगडे घेतले. त्यानंतर दुसऱ्या ओट्यावर कधी गेले नाही.

ती आगरी. माहेर तळवलीचं, सासर कराव्याचं. लग्न झालं तेव्हा दोन्हीकडे भातशेती होती, आणि खाडीतल्या निवट्या, चिंबोऱ्या घरच्या घरी मिळायच्या. पुढे शेतांवर इमारती उभ्या राहिल्या आणि नवरा, गोटीराम, एकाएकी वारला. मुलगा रूपेश तेव्हा शाळेत होता. त्या दिवसापासून रखमामावशी ओट्यावर बसली ती बसलीच. एक पाय दुमडून पाटावर, दुसरा मोरळीच्या, म्हणजे मासे कापायच्या विळीच्या, फळीवर दाबलेला, आणि मोरळीचं पातं तिच्या तोंडासारखंच, कायम धार लावलेलं.

तिचं ठरलेलं वाक्य होतं, "साफ करून देऊ?" मासे खाणाऱ्याला ते समजावून सांगावं लागत नाही. साफ करणं म्हणजे धुणं नव्हे. आधी खवले, मग पर, मग शेपूट, मग पोट फाडून आतलं सगळं बाहेर, आणि शेवटी, "मुंडका ठेवू का काढू?" हे सगळं ती आपल्याशी सुनेबद्दल, पाण्याच्या टाकीबद्दल नाहीतर गावच्या पालखीबद्दल गप्पा मारता मारता करायची. बोट कापलेलं मी कधी पाहिलं नाही. गिऱ्हाईक साफ म्हणतं, ती साफ म्हणते, कापायचा शब्द मध्ये कुठे येतच नाही. मलाही ते कधी खटकलं नव्हतं.

शुगर तिला बरीच वर्षं होती. गोळ्या आठवण आली की घ्यायच्या, आणि आठवण फारशी यायची नाही. पावलं बधिर झाली होती, तेही तिला सोयीचंच वाटायचं. दिवसभर बर्फाच्या पाण्यात पाय असतात, गारठा लागत नाही, छान आहे. मग एकदा शिंगाळा माशाचा काटा तिच्या टाचेत मोडून बसला आणि तिला पत्ताच नाही. चपलेतलं रक्त दिसलं ते शेजारच्या ओट्यावरच्या भिमाबाईला. "दुखला असता तर काढला नसता का मी?" असं ती नंतर ज्याला त्याला सांगत होती, जसं काही न दुखणं हा पायाने तिच्याशी केलेला पहिला खोटेपणा होता.

रोज सकाळी रूपेश तिला स्कूटरवर बसवून गावातल्या दवाखान्यात न्यायचा आणि तिथला कंपाउंडर जखम साफ करायचा. घरात तो शब्दच होऊन गेला. "आज साफ केला का?" "केला." "नीट साफ केला?" "केला ग आये, टेन्शन नको घेऊ."

या रूपेशबद्दल सांगायला हवं. कळंबोलीला एका ट्रान्सपोर्टवाल्याच्या ऑफिसात कामाला. व्यसन नाही, भांडण नाही, आई म्हणजे जीव की प्राण. लहानपणी आईने जिवंत चिंबोरीच्या नांग्या मोडायला घेतल्या की हा बाजारातून पळून जायचा. पुढे मिशा आल्या, लग्न झालं, पण ते पळून जाणं काही सुटलं नाही. बायकोच्या, दीक्षाच्या, माहेरून कुणी वारल्याचा फोन आला तर हा तिला "तब्येत थोडी बरी नाही म्हणतात" एवढंच सांगून गाडीत बसवणार. सगळे म्हणायचे, किती हळवा आहे. मला या हळव्या माणसांचा भयंकर राग येतो. यांना रडू येऊ नये म्हणून दुसऱ्याने आंधळं राहायचं.

टाच काळी पडली, ताप उतरेना, तेव्हा तिला मोठ्या इस्पितळात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी तपासलं आणि रूपेशला बाजूला घेऊन सांगितलं की विष वर चढतंय. गुडघ्याखालून पाय काढला नाही तर बाई जाईल. त्यात डॉक्टरांचं चुकलं नव्हतं. पाय जायचाच होता.

दुसऱ्या दिवशी रूपेश वॉर्डात आला, आईच्या केसांवरून हात फिरवला आणि म्हणाला, "आये, आज जरा आत नेऊन नीट साफ करायचाय. दुखू नये म्हणून झोपवतील."

थोड्या वेळाने कागद घेऊन डॉक्टर आले. त्यांनी विचारलं, "मावशी, मुलाने सगळं सांगितलंय ना तुम्हाला?"

"हां, सांगितला ना," रखमामावशी म्हणाली. "साफ कराचा हाय. करा. पन नीट करा बरं का, परत परत नको."

डॉक्टर म्हणाले, मावशी धीराच्या आहेत. सही कुठे करायची ते रूपेशने बोट ठेवून दाखवलं. तिला सही करायला शिकवली होती ती त्यानेच, शाळेत असताना, स्वतःच्या पाटीवर. तिने त्याच्या बोटाखाली सही केली.

आदल्या संध्याकाळी भिमाबाई भेटायला येऊन गेली होती. तिने पलंगाशी बसून रखमामावशीच्या त्याच पावलावर हात ठेवला होता आणि पदर तोंडात कोंबून रडली होती. मावशीला वाटलं, हिच्या घरी काहीतरी झालंय. तिने उलट भिमाबाईचीच समजूत काढली.

जाग आली तेव्हा चादर एका बाजूला सपाट होती. तिने हात खाली नेला. गुडघा सापडला, त्याच्याखाली पट्ट्यांचा गोळा सापडला, आणि मग गादी. रूपेश शेजारीच होता. "रूपेश, पाय कुठे हाय रे?" तिने विचारलं. आणि या पठ्ठ्याने खाली बघत उत्तर दिलं, "साफ केला, आये."

मी भेटायला गेले तेव्हा ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. मला वाटलं, पायासाठी रडत असेल. ती रडत नव्हती. संतापाने तिचा आवाज बसला होता. "पाय सडला होता गो बाय. तो जायाचाच होता. मना काय कळत नाय का? सडला त्ये काढाचा लागतो, मी काय येगला करतंय रोज? पन मना सांगितला नाय. शिस्टरला माहीत, सुनेला माहीत, त्या भिमीला माहीत, निसती मनाच माहीत नाय. माझा पाय! सांगितला असता तर शेवटचा एकदा तेल लावून चोलला असता. येवढी वर्सा उभी राहिली त्याच्यावर, त्याला काय बोलली पन नाय मी." मग म्हणाली, "मी पन तेच करतंय ना? साफ करून देऊ बोलतंय नि मुंडका उडवतंय. मनाच कळाया पायजे होता."

हे शेवटचं ती गमतीने म्हणाली असं वाटून मी हसले. तिने माझ्याकडे असं पाहिलं की पुन्हा त्या विषयावर मी हसले नाही.

नकली पाय बसवला. त्याचा पट्टा लागायचा, घाम यायचा, ती त्याला रोज शिव्या द्यायची, पण शिकली. एके दिवशी बाजारात गेले तर ओट्यावर ती! नकली पाय काढून मागे छत्रीशेजारी टेकवून ठेवलेला, आणि उरलेल्या पायाने मोरळी दाबून धरलेली. मला एवढा आनंद झाला की मी भाव न विचारता सुरमई घेतली. ती वजन करून म्हणाली, "कापून देऊ?"

मी चमकले. पुढच्या गिऱ्हाइकालाही तेच. "कापून देऊ?" एक नवीन बाई, सोसायटीतलीच, नाक मुरडून म्हणाली, "अहो मावशी, साफ करून द्या म्हणावं. कापून काय!"

"मंग काय करतंय मी?" रखमामावशी म्हणाली. "आंघोल घालतंय त्याला?"

साफ हा शब्द तिने पुन्हा उच्चारला नाही. भांडी घासली, घर झाडलं, गटार उपसलं, पण साफ कधी काही केलं नाही. भिमाबाईशी बोलणंही बंद. दोघींच्या ओट्यांमध्ये हातभर अंतर होतं, सुट्टे पैसे लागले तर ती मला भिमाबाईकडे पाठवायची.

रूपेशशी मात्र बोलणं बंद करता येत नव्हतं, तोच तिला उचलून रिक्षात बसवायचा. तिच्या औषधाच्या वेळा, पट्ट्याचं मलम, पंखा लाव, पंखा बंद कर, त्याने कशात काही कमी केलं नाही. त्याच्या बाजूने बोलणारेही पुष्कळ होते. जीव वाचला हे महत्त्वाचं, म्हातारं माणूस हबकून नाही म्हणालं असतं तर? रूपेशनेही एकदा हेच विचारलं. "तू नाय बोलली असतीस तर काय केलं असतं मी?"

"नाय बोलली असती तर नाय," ती म्हणाली. "तुझा पाय होता का तो?"

पुढचं जे झालं त्याचं मूळ इथे आहे, आणि ते मी त्याच्या बाजूने बोलणाऱ्या सगळ्यांना ऐकवते. दुसऱ्या पायाच्या करंगळीला जखम झाली तेव्हा तिने कुणाला सांगितलंच नाही. का सांगावं? सांगितलं की दवाखाना, दवाखान्यातून इस्पितळ, आणि इस्पितळात डोळ्यांवर झापड आणून काय करतील याचा भरवसा नाही. तिने जुना मोजा चढवला. घरच्या घरी हळद भरली. मोजा सुनेच्या हाती लागू नये म्हणून रात्रीही काढेना. वास यायला लागला, पण दिवसभर मासळीबाजारात बसणाऱ्या बाईला कसला वास येतो हे कोण विचारणार? मी स्वतः तिच्यासमोर उभी राहून बोंबील निवडत होते, मला कळलं नाही.

दीक्षाने एके दिवशी तो मोजा जबरदस्तीने धुवायला काढला आणि किंचाळली. करंगळी आणि शेजारची दोन बोटं काळी. रूपेश ऑफिसातून धावत आला. आयुष्यात पहिल्यांदा तो आईवर ओरडला, "मला का नाय सांगितलंस?"

"तू मना सांगितला होता?" ती म्हणाली.

हे मला दीक्षानेच सांगितलं. ती म्हणाली, हे ऐकून रूपेश तिच्यासमोर खाली बसला. आईच्या पायाशी डोकं टेकून माफी मागितली. तेव्हा रखमामावशीने त्याच्याकडे एकच गोष्ट मागितली. "या टायमाला काय असंल त्ये माझ्या तोंडावर सांग. कापाचा तर कापाचा बोल. मी रडनार नाय, नाय बोलनार नाय. पन शब्द तुझ्या तोंडून आला पायजे." त्याने कबूल केलं. तिने देवघराकडे बोट दाखवलं. तिथे एकवीरा आईचा फोटो होता, आणि आगरी माणूस दुसरी कुठलीही शपथ मोडेल, ही मोडत नाही. रूपेशने फोटोवर हात ठेवून शपथ घेतली. त्या रात्री आई आणि मुलगा कितीतरी महिन्यांनी एका ताटात जेवले.

तिला इस्पितळात ठेवल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा मला फोन आला. "बाय, जरा येतेस का? बाकी काय नाय, माझ्याजवल बस."

मी पोचले तेव्हा रूपेश आणि दीक्षा मोठ्या डॉक्टरांच्या खोलीत होते. पलंगाशी एक तरुण डॉक्टरीण आली होती, कानात बारीक मोती, हातात पेन. "तुमचा मुलगा कुठे आहे?" तिने विचारलं.

"येल तो. पोरी, मी म्हावरा कापून हा जलम काढला. मना सांग. कुठून कापनार?"

डॉक्टरीण थबकली. मग पलंगाच्या कडेला टेकून तिने मावशीच्या नडगीवर हात ठेवला आणि सरळ सांगितलं, इथून. खालपर्यंत रक्तच पोचत नाहीये, बोटं काढून भागणार नाही. रखमामावशीने मान हलवली. मग म्हणाली, "मना झोपवू नका." डॉक्टरीण म्हणाली, भूल फक्त कमरेखाली देता येईल, जागं राहता येईल, मी बोलते. आणि तिने शाईच्या जाड पेनाने नडगीवर आडवी रेघ मारली, वर एक बाण काढला. मावशीने ती रेघ कौतुकाने पाहिली. "सरल मारलीस," म्हणाली.

डॉक्टरीण गेल्यावर तिने चादर कमरेपर्यंत ओढून घेतली आणि माझं मनगट धरलं. सुरमईचे खवले काढताना शेपूट धरायची तसं, सुटायची सोयच नाही. "तू गप बसाचा. त्याला खुना कराच्या नाय. मना बघाचा हाय."

तिला काय बघायचंय ते मला कळलं. उठून दारातच त्याला गाठावं, अरे बाबा, खरं बोल, एवढा एक शब्द बोल, असं सांगावं असं मला झालं होतं. पण मनगट तिच्या हातात होतं.

रूपेश आला. डोळे लाल, चेहरा धुऊन आलेला. मागे दीक्षा. तो पलंगावर बसला आणि आईच्या केसांवरून हात फिरवायला लागला. तो हात पाहिला तेव्हाच माझा धीर सुटला.

"काय बोलला रे मोठा डाक्टर?" तिने विचारलं.

त्याने तोंड उघडलं. मी अंगठा मुठीत धरून बसले होते. त्याचे ओठ हलले आणि त्याने खिडकीकडे पाहिलं.

"काय नाय ग आये. थोडासा साफ करायचाय."

"निसता साफ?"

"हां, निसता साफ. लगेच भायेर."

दीक्षा मागून त्याचा शर्ट ओढत होती. मी पाहिलं, रखमामावशीनेही पाहिलं. तिने त्याला आणखी एक संधी दिली. किती मऊ आवाजात विचारलं तिने! त्याच्याशी ती त्या आवाजात बोललेली मी कधी ऐकली नव्हती. "एकवीरा आईची शपथ?"

"शपथ," रूपेश म्हणाला.

तिने माझं मनगट सोडलं आणि चादर बाजूला केली.

रेघ अजून ओलसरच होती. रूपेशने ती पाहिली, बाण पाहिला, आणि त्याच्या तोंडून लहान मुलासारखा आवाज निघाला. "आये, मी सांगणारच होतो. तुला त्रास..."

"मना नाय," ती म्हणाली. "तुना. तुना त्रास होतो." तिने चादर परत ओढून घेतली. "रडाचा तर रड. भायेर जाऊन रड."

कागद आला तेव्हा तिने चष्मा मागून घेतला आणि सही केली. कुठे करायची हे कुणाला विचारलं नाही. आत नेताना मला म्हणाली, "बाय, तू दाराशी उभी रहा. पडदा लावतील, मना काय दिसनार नाय. भायेर आली की तू सांग मना काय झाला त्ये. बरोब्बर सांग."

मी दाराशी उभी राहिले. रूपेश भिंतीला टेकून खाली बसला होता. मला त्याच्याशी बोलवलं नाही. कीव आली, आणि कीव आली म्हणून स्वतःचाही राग आला.

दार उघडलं आणि ढकलगाडी बाहेर आली. ती जागी होती, चेहरा पांढरा, डोळे टक्क उघडे. मला शोधत होती.

"कापला, मावशी," मी वाकून सांगितलं. "गुडघ्याच्या खाली. रेघ होती तिथेच."

"हां," ती म्हणाली. "बरा झाला बोललीस."

रूपेश पुढे आला. गाडीच्या कडेला धरून त्याने हाक मारली, "आये."

तिने त्याच्याकडे नीट, पुरतं पाहून घेतलं. मग माझ्याकडे वळून विचारलं, "ह्यो कोन गो, बाय?"

दीक्षा घाईघाईने त्याचा हात धरून म्हणाली, "भुलीत आहेत अहो, मनावर घेऊ नका."

भूल फक्त कमरेखाली दिली होती.